पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण मी गेली तीस वर्षे वर्गात समजावून सांगत आलो आहे. परंतु त्या बिऱ्हाडाचे वजन किती असावे, हा प्रश्न मला कोणा विद्यार्थ्याने कधी विचारला नाही आणि मलाही तो सुचला नाही. गेल्या वर्षी तो आपसूक माझ्यापुढे येऊन उभा राहिला. त्या वेळी माझे वय ५७ होते आणि निवृत्तीस जेमतेम एक वर्ष उरले होते.

हकिकत अशी की, उधन्याच्या आमच्या वस्तीत माझे एक जुने स्नेही राहतात. सारे त्यांना आप्पा म्हणतात. मूळचे खानदेशचे, ऐन तारुण्यात पोटासाठी इकडे आले आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये कामाला लागले. पुढे मागांची दुरुस्ती पाहणारे मास्तर झाले. ते मागावरचे मास्तर, मी शाळेतला मास्तर. या एका शब्दावरून झालेली ओळख पुढे डोंगरवाटांवर पक्की झाली. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे डांगच्या जंगलात नाहीतर बागलाणातल्या किल्ल्यांवर जात असू. आमचा तंबू दोघांचा होता, वजन सुमारे चार किलो. एकाच्या पाठीवर कापड, दुसऱ्याच्या पाठीवर काठ्या आणि खुंट्या. अशी बावीस वर्षे गेली.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी आप्पांना डोंगर चढण्याची मनाई केली. दोन्ही गुडघे झिजले होते. आप्पांनी आपल्या वाट्याच्या काठ्या आणि खुंट्या एका संध्याकाळी माझ्या घरी आणून ठेवल्या आणि चहा घेऊन ते काही न बोलता गेले. मी त्या पिशवीत कापडही घातले आणि पिशवी पाठीवर घेऊन आमच्या इमारतीचे चार मजले चढून पाहिले. तिसऱ्या मजल्यावर मला बसावे लागले.

आता दोनच वाटा होत्या. डोंगर सोडावा, किंवा एकट्याला पेलेल असा तंबू घ्यावा. दुसरी वाट घ्यायचे ठरवल्यावर मी जे वाचले, विचारले, चुकलो आणि शिकलो, ते या लेखात मांडले आहे. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या माझ्यासारख्या वाचकांना आणि एकटेच भटकू पाहणाऱ्या तरुण मुलामुलींना त्याचा काही उपयोग व्हावा, एवढीच इच्छा.

कातळाने शिकवलेला धडा

आपल्या भाषेत या वस्तूला शब्दांची वाण नाही. तंबू, डेरा, राहुटी, पाल. लहानमोठेपणाप्रमाणे आणि घडणीप्रमाणे शब्द बदलतो. परंतु या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. खुंटी ठोकल्याशिवाय यांतले काही उभे राहत नाही. पंढरीच्या वाटेवर दिंडीची राहुटी पडते ती काळ्या मातीच्या शेतात. तिथे खुंटी सहज आत जाते. सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र माती बोटभर आणि तिच्याखाली अग्निजन्य बेसॉल्टचा कातळ.

हे मला पुस्तकातून ठाऊक होते, पण पुरते कळले ते साल्हेरवर. बागलाणातला हा किल्ला १५६७ मीटर उंचीचा. महाराष्ट्रातील किल्ल्यांत तो सर्वांत उंच, आणि शिखरांत कळसूबाईच्या १६४६ मीटरच्या खालोखाल त्याचा क्रमांक लागतो. आम्हा सुरतकरांना तो जवळचा. नवापूर, पिंपळनेर, ताहराबाद असे करत पायथ्याच्या गावी पोहोचता येते. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आप्पा आणि मी माथ्यावरच्या गंगासागर तळ्याजवळ जुना तंबू उभारू लागलो. पहिली खुंटी दोन बोटे जाऊन थांबली, दुसरी वाकली, तिसरी उडून आप्पांच्या हाताला लागली. तेवढ्यात वारा सुटला. तासभर झगडून आम्ही कापड गुंडाळले आणि गडावरच्या गुहेत जाऊन भिंतीला टेकून रात्र काढली. चार किलोचे ओझे दिवसभर वाहिले ते सकाळी तसेच परत वाहून आणण्यासाठी!

त्या रात्रीचा धडा हा की, आपल्या डोंगरांसाठी तंबू घ्यायचा तर तो खुंट्यांवाचून उभा राहणारा हवा. याला स्वयंस्थिर तंबू म्हणावे असे मला वाटते.

पतंगाची विद्या

खुंटीवाचून तंबू उभा राहतो तो कसा? सुरतेच्या वाचकाला हे समजावण्यास मोठे शास्त्र लागत नाही, संक्रांतीचा पतंग आठवला की पुरे. पतंगाच्या कागदावर बांबूची कामटी कमानीसारखी वाकवून बसवलेली असते. कामटी सरळ होऊ पाहते, कागद तिला सरळ होऊ देत नाही. या ओढाताणीतूनच पतंग ताठ राहतो. स्वयंस्थिर तंबूत दोन लवचिक काठ्या एकमेकींना छेद देऊन वाकवतात आणि त्यांची चार टोके तळाच्या चार कोपऱ्यांत अडकवतात. काठी कापडाला ताणते, कापड काठीला आवरते. तयार झालेला हा घुमट उचलून चार पावले दुसरीकडे नेऊन ठेवावा, तरी मोडत नाही.

ही रचना फार जुनी नाही. हलक्या तंबूचा ध्यास मात्र जुना, आणि गंमत अशी की त्याचा एक आद्य पुरस्कर्ता व्यवसायाने शिंपी होता. इंग्लंडमधील थॉमस हिराम होल्डिंग हे ते गृहस्थ. सायकलवर तंबू बांधून भटकणाऱ्यांचा संघ त्यांनी १९०१ साली स्थापन केला आणि १९०८ साली मुक्कामाच्या विद्येवर पुस्तक लिहिले. पुढे १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन जन्मास आले आणि महायुद्धात त्याच्या हवाई छत्र्या झाल्या. १९७५ साली तेथील नॉर्थ फेस या कंपनीने बकमिन्स्टर फुलर यांच्या घुमटरचनेच्या तत्त्वावरचा तंबू बाजारात आणला. आजचे घुमटाकार तंबू त्याच वाटेने आले आहेत.

येथे एक सावधगिरीची सूचना. दुकानात ज्यांना सरसकट स्वयंस्थिर म्हणतात, त्यांत काही अर्धेच स्वयंस्थिर असतात. वजन वाचवण्यासाठी त्यांत डोक्याकडे दोन फाटे आणि पायांकडे एकच फाटा असलेली काठी वापरतात. पायाकडचे कोपरे खुंटीनेच ताणावे लागतात. काही तंबू तर काठ्याच देत नाहीत, चालताना हातात धरण्याच्या काठीवर उभे राहतात. ते सर्वांत हलके, पण संपूर्णपणे खुंट्यांच्या भरवशावर. आणि पुऱ्या स्वयंस्थिर तंबूलाही बाहेरचे पावसाचे आवरण, म्हणजे ज्याखाली आपण बूट आणि पिशवी ठेवतो तो ओटा, ताणून बांधावा लागतोच. म्हणून विक्रेत्याला म्हणावे, "हा येथे फरशीवर उभा करून दाखवा." फरशीवर जो नीट उभा राहील तो कातळावर राहील.

वजनाचा हिशेब

१६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा त्यांचा डेरा बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरच्या एका बागेत पडला होता. चार दिवसांत कार्य उरकून ते निघूनही गेले. सडे असणे हेच त्या सैन्याचे बळ होते. शंभर वर्षांच्या आत पानिपतावर गेलेल्या सैन्यामागे केवढे बाजारबुणगे होते आणि त्याची काय किंमत मोजावी लागली, हे मराठी माणसाला सांगणे नको. पाठीवरच्या पिशवीतही बुणगे शिरतात. ते आधीच ओळखावेत.

पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नसावे, असा एक साधा दंडक आहे. माझे वजन ६० किलो, म्हणजे ओझे १२ किलोंच्या आत. त्यात अंथरूण-पांघरूण, कपडे, दोन दिवसांचा शिधा, औषधे आणि पाणी. तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो. सह्याद्रीत जानेवारी उलटली की टाकी आणि झरे आटू लागतात, तेव्हा पाण्यात काटकसर करता येत नाही. म्हणून तंबूतून वाचवलेला प्रत्येक अर्धा किलो म्हणजे अर्धा लिटर पाणी, असा हिशेब मी धरला.

एकट्याचा तंबू दोघांच्या तंबूच्या निम्म्या वजनाचा असेल, असे मला वाटले होते. तसे नसते. निजणारा एक असला तरी दार एक लागतेच आणि काठ्याही दोन लागतातच. चांगल्या कापडाचा दोघांचा तंबू दीड-दोन किलोंचा मिळतो, तर एकट्याचा एक ते दीड किलोचा. दोघांत मिळून प्रत्येकाच्या वाट्याला किलोभर येई. एकट्याला दीड किलो वाहावे लागते. एकटेपणाचे असे काही वजन असतेच, ते कोणत्याही कारखानदाराला कमी करता आलेले नाही.

आणखी एक. पत्रकावर छापलेले किमान वजन हे बहुधा आतले कापड, बाहेरचे आवरण आणि काठ्या एवढ्यांचेच असते. खुंट्या, दोऱ्या, पिशव्या त्यात धरलेल्या नसतात. मी घेतलेला तंबू आमच्या किराणा दुकानदाराच्या काट्यावर ठेवला, तेव्हा छापील १३०० ग्रॅमचे १५४० ग्रॅम झाले. दुकानदार हसून म्हणाला, "सर, आम्ही असे तोलले असते तर तुम्ही गिऱ्हाईक तोडले असते!"

आप्पांची बोटे

कापड निवडायला मी आप्पांनाच नेले. डोंगर बंद झाला असला तरी कापडावरचा त्यांचा हात कोणी बंद केलेला नव्हता. दुकानात मांडलेल्या तंबूंचे पदर ते अंगठा आणि तर्जनी यांत धरून चोळत आणि धाग्याचा डेनियर सांगत. विक्रेता मुलगा चिठ्ठी वाचून पाही. दर वेळी नाही, पण बहुतेक वेळा आप्पा बरोबर असत.

उधन्यात ज्यांचे घर यंत्रमागावर चालते त्यांना डेनियर ठाऊक आहे, इतरांसाठी सांगतो. ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. स्वस्त तंबूंचे कापड ७० डेनियरच्या आसपास असते, हलक्या तंबूंचे १५ ते ३० डेनियर. धागा बारीक तसे वजन कमी, आणि काट्याकुट्यांचे भयही अधिक. म्हणून अशा कापडात थोड्या थोड्या अंतरावर आडवा-उभा जाड धागा घालून बारीक चौकटी विणतात. फाटण्याची सुरुवात झालीच तर ती चौकटीपाशी अडते.

नायलॉन घ्यावे की पॉलिएस्टर? सारख्या वजनात नायलॉन अधिक मजबूत. परंतु नायलॉन ओल शोषते आणि ओले झाले की सैल पडते. रात्री ताठ ताणलेला तंबू पहाटे दवाने लोंबू लागतो. पॉलिएस्टर ओल जवळजवळ घेत नाही आणि उन्हातही अधिक टिकते, पण त्याच मजबुतीसाठी वजन थोडे वाढते. आप्पांचे म्हणणे पॉलिएस्टरकडे झुकत होते, माझे गुडघे नायलॉनकडे. शेवटी आप्पा म्हणाले, "घ्या नायलॉन. पण सर, रात्री एकदा उठून ताण द्यावा लागेल. पूर्वी मी उठत होतो, तुम्हाला ठाऊक नाही."

मला खरोखरच ठाऊक नव्हते.

कापडावरच्या लेपाकडेही पाहावे. पॉलियुरेथेनचा लेप स्वस्त आणि शिवणीवर आतून पट्टी चिकटवण्यास सोयीचा. पण तंबू ओला गुंडाळून ठेवला तर हा लेप काही वर्षांत चिकट होतो आणि त्याला कुबट वास येतो. सिलिकोनचा लेप अधिक टिकाऊ, मात्र त्यावर पट्टी चिकटत नाही, शिवणी वेगळ्या द्रावणाने बुजवाव्या लागतात. किती मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब कापड सोसते, तो आकडा पत्रकावर असतो. वरच्या आवरणास १५०० हा आकडा आपल्या हिवाळी भटकंतीला पुरे. तळाला, जिथे आपल्या अंगाचा भार पडतो, तिथे अधिक असावा.

काठ्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्याच घ्याव्यात. काचतंतूची काठी जड असते आणि मोडली तर तिच्या चिरफळ्या कापड फाडतात. धातूची काठी मोडली तर वरून बसवण्याची चार बोटांची नळी मिळते. ती सोबत ठेवावी.

तंबू दुहेरी कापडाचा असावा. निजलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडते. एकेरी कापडात ते आतल्या बाजूस जमून अंगावर ठिबकते. दुहेरीत जाळीतून बाहेर पडून वरच्या आवरणावर थांबते. लांबी आपल्या उंचीहून दीड वीत अधिक आणि मध्यभागची उंची मांडी घालून ताठ बसता येईल इतकी असावी. पाऊस लागला तर दोन-तीन तास त्यातच बसून काढावे लागतात.

गच्चीवरची परीक्षा

एवढे होईपर्यंत घरात मी विषय काढला नव्हता. सौभाग्यवतींना खरेदीचा सुगावा लागला तेव्हा त्यांनी किमतीबद्दल चकार शब्द काढला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, आप्पाभाऊजी होते म्हणून मी बावीस वर्षे निर्धास्त झोपले. आता एकट्याच्या तंबूत काही झाले तर कोणाला कळणार?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. तंबू विकत घेतला म्हणजे एकट्याने जाण्याची तयारी झाली, असा माझा समज होता. तो त्यांनी मोडला. मग आमच्यात करार झाला. रंग त्यांनी निवडायचा. मला पानांत मिसळणारा हिरवा हवा होता. त्यांनी नारिंगी निवडला, कारण शोधणाऱ्याला तो दुरून दिसतो. कोणत्या वाटेने जाणार, कोठे निजणार आणि कधी परतणार हे कागदावर लिहून एक प्रत घरी, एक पायथ्याच्या गावात द्यायची. ठरल्या वेळेला निरोप आला नाही तर कोणाला कळवायचे, तेही त्यावर लिहायचे. आणि तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही. नायलॉन क्षणात वितळते, आणि बंद जागेत साचणारा विषारी वायू तर दिसतही नाही.

पहिली परीक्षा आमच्याच इमारतीच्या गच्चीवर झाली. सिमेंटची गच्ची म्हणजे कातळच! तंबू खुंटीवाचून उभा राहिला, इमारतीतली मुले आत-बाहेर करू लागली आणि आम्ही खाली चहाला गेलो. परत येतो तो तंबू घरंगळत पाण्याच्या टाकीला जाऊन अडकलेला! तापीवरून आलेल्या संध्याकाळच्या वाऱ्याची एक झुळूक त्याला पुरली होती. आप्पा जिना चढू शकत नव्हते, खालूनच ओरडले, "पतंगाला दोर बांधला होता का?"

हे सर्वांनी ध्यानात ठेवावे. स्वयंस्थिर याचा अर्थ उभा राहणारा, टिकून राहणारा नव्हे. कातळावर खुंटी नसेल तर दगड हवा. कोपऱ्याच्या फाशातली दोरी एका लांबट दगडाला बांधावी आणि तिच्यावर, तंबूच्या बाजूस, त्याहून मोठा दगड ठेवावा. वारा ओढू लागला की लहान दगड मोठ्याला अडतो आणि दोरी सुटत नाही. आत पिशवी ठेवल्याशिवाय तंबू सोडून दूर जाऊ नये. सकाळी निघताना दगड जेथून उचलले तेथे ठेवावेत. गडाच्या तटाचा किंवा जोत्याचा दगड तर मुळीच हलवू नये. साल्हेर २०२५ च्या जुलैपासून जागतिक वारसा यादीत आला आहे. गडावर मुक्कामास परवानगी आहे किंवा कसे, हे गावात आणि वनखात्याकडे विचारूनच पुढे जावे. नसेल तर पायथ्याशी निजावे.

मी तसेच केले. दिवाळीच्या सुट्टीत वाघांबे गावाशेजारी एका शेतकऱ्याच्या संमतीने त्याच्या पडीक कातळावर तंबू लावला, चारही कोपऱ्यांना दोर बांधले आणि दगड ठेवले. त्या शेतकऱ्याने दोनदा विचारले, "गुरुजी, बरोबर कोणीच नाही?" रात्री दार बंद करून निजलो, तेव्हा शेजारी कोणाचे घोरणे नव्हते. बावीस वर्षे ज्या घोरण्याविषयी कुरकुर केली, त्याच्यावाचून झोप लागेना. मध्यरात्री हात वर केला तो कापड ओले आणि सैल लागले. उठलो, विजेरी घेऊन चारही दोर ताणून घेतले. वर तारे होते आणि साल्हेरचा काळा आकार.

सकाळी गावातून आधी घरी फोन केला, मग आप्पांना. त्यांनी प्रकृती विचारली नाही, किल्लाही विचारला नाही.

"कापड सैल पडले होते?"

"पडले होते. दोनच्या सुमारास."

"मग?"

"उठून ताण दिला."

"बरे केले," आप्पा म्हणाले. "आता वर जाऊन या. तळ्याला पाणी किती आहे, ते मला येऊन सांगा."